हनुवटीचे तीन टाके

आमच्या घरी मराठीचा उपयोग मुख्यतः मुलीपासून गोष्टी लपवण्यासाठी होत असे. लिहिताना हे बरं दिसत नाही, पण वस्तुस्थिती तीच होती. मुलीशी आम्ही दोघं तमिळ बोलायचो, कारण शेजारपाजार तमिळ, बालवाडी तमिळ, दूधवाला तमिळ. शाळेने सांगितलं म्हणून मधूनमधून इंग्रजी. मराठी फक्त नवरा-बायकोची. चॉकलेटं कुठे ठेवली आहेत, लस कधी टोचायची आहे, कोणाकडे कोण वारलं, येऊ घातलेल्या पाहुण्यांना कसं टाळावं, असल्या गोष्टी मराठीत. वरच्या फळीवरच्या बरणीसारखी ती भाषा होती. मुलीला दिसायची, पण तिचा हात पोचत नाही अशी आमची समजूत होती.

माझ्या लहानपणी याच्या उलट होतं. तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली बरीच मराठी घरं होती आणि घरात सगळे मराठीच बोलायचे. त्यामुळे आईवडिलांना काही लपवायचं झालं की ते इंग्रजीत शिरत. वडिलांचं इंग्रजी कचेरीतलं, आईचं त्याहून जुजबी. ‘यस, टुमॉरो, डेंटिस्ट’ एवढे तीन शब्द कानावर पडले की आम्ही भावंडं मागच्या दाराने पसार. आता पोरांना इंग्रजी आमच्यापेक्षा बरं येतं, तेव्हा लपवालपवीचं काम मराठीच्या गळ्यात पडलं.

तंजावुरात परतण्याआधी नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं पुण्यात काढली. देवनागरी वाचायला-लिहायला तिथेच शिकलो, आणि आमचं मराठी ऐकून लोक हसतात हेही तिथेच शिकलो. एक सहकारी म्हणाला, “तुम्ही अगदी जुन्या नाटकातल्यासारखं बोलता हो.” मी त्याच्याशी बोलायचं सोडलं. आजही लिहायला बसलो की पुण्याचीच मराठी उतरते, कारण आमची कशी लिहायची हे मला कोणी शिकवलेलं नाही.

लग्नामुंजीत म्हातारी माणसं मुलीची हनुवटी धरून विचारायची, “मराठी येतं कीं नाहीं ग तुज?” मुलगी तमिळमध्ये काहीतरी पुटपुटून आईच्या पदराआड जायची. मग बायको आमच्या सगळ्या घरांतलं ठरलेलं उत्तर द्यायची: “कळतं सगळं, बोलत नाहीं.” म्हातारी माणसं हळहळायची, आम्हीही थोडं हळहळायचो, आणि सगळे पानावर जाऊन बसायचे. त्या उत्तराचा पहिला अर्धा भाग आमच्यापैकी कोणीही कधी मनावर घेतला नव्हता.

मुलीला पाचवं लागलं होतं तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ. बायको पापनाशमच्या शाळेत गणित शिकवते, आठवडाभर गाडीने जाऊन येऊन करते, म्हणून रविवारी आमच्याकडे सगळं उशिरा चालतं. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, खाली घरमालकीणबाई. त्यांना आम्ही मामी म्हणतो, इकडची तशी पद्धतच आहे. मामींनी रोजच्यासारखं दारात पाणी मारून पायरीपुढे मोठा कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढला होता. मुलगी ओट्यावर उभी राहून तो पाहत होती. त्या कोलमाला पाय न लावता पलीकडे उडी मारता येईल का, असा प्रश्न तिच्या मनात आला. उत्तर होय असं होतं. कोलम तिने साफ ओलांडला. पलीकडचा दगड ओला होता, तिथे पाय सटकला, ती मागे फिरता फिरता पडली आणि हनुवटी पायरीच्या कडेवर आपटली.

मी वरून तो आवाज ऐकला. आधी आपटल्याचा, मग काहीच नाही, मग रडणं. मधल्या त्या ‘काहीच नाही’त मी जिना उतरलो. बायको माझ्याही आधी खाली होती, ती कशी हे मला अजून कळलेलं नाही.

रक्त बरंच होतं. हनुवटीखाली जखम लहान पण उघडी होती, आत पांढुरकं काहीतरी दिसत होतं. मी पाणी, फडकं, बर्फ असं काही म्हणेपर्यंत मामी स्वयंपाकघरातून मूठभर कॉफीची पूड घेऊन आल्या आणि त्यांनी ती जखमेत दाबली. कापलं, खोक पडली की कॉफीची पूड, हा आमच्या गावचा पहिला उपचार आहे. त्याने रक्त थांबतं हे खरं. माझ्या गुडघ्यावरही लहानपणी अशी पूड पडलेली आहे, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं. पोरगी रडत होती आणि तिच्या अंगाला सकाळच्या पहिल्या कॉफीचा वास येत होता.

मुलांचे नेहमीचे डॉक्टर रविवारी नसतात. स्टेशनच्या अलीकडे एक लहान खाजगी इस्पितळ आहे, तिथे स्कूटरवरून गेलो. मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जखम पाहिली, वास घेतला आणि माझ्याकडे पाहून तमिळमध्ये विचारलं, “कॉफीत चिकोरी किती टक्के?” मी हसलो नाही. त्या म्हणाल्या की टाके घालावेच लागतील, बहुधा तीन, पण त्याआधी ही पूड कण न् कण धुऊन काढावी लागेल, आणि खरं दुखणं ते असेल. एवढं सांगून त्या सामान तयार करायला आत गेल्या. टाक्यांचं हे सगळं त्या हलक्या आवाजात आणि डॉक्टरी इंग्रजीत बोलल्या, तेव्हा मुलीला काही समजलं नसावं.

आता मुलीला तयार करायचं काम आमचं. बायको तिला मांडीवर घेऊन तमिळमध्ये म्हणाली, “ओण्णुम आगादु, कण्णा.” म्हणजे काही होणार नाही, राजा. डॉक्टर फक्त गार पाण्याने धुणार, वरून एक छान पट्टी लावणार, झालं. मी पुस्ती जोडली, “वलिक्कादु.” दुखणार नाही. इकडे ही दोन वाक्यं प्रत्येक आईबाप प्रत्येक दवाखान्यात म्हणतात. त्यात आपण खोटं बोलतो आहोत असं कोणाला वाटत नाही, तो एक प्रकारचा मंत्र आहे.

त्याच श्वासात बायको माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, “सुई हनुवटींतच टोंचणार. फार रडेल. तुम्ही तिचे हात घट्ट धरा, मी पाय धरतें. तिज कांहीं कळूं देऊं नका.”

“चादरींत गुंडाळूं म्हणतील,” मी म्हणालो. “गुंडाळूं दे. हलली तर भलतींच आफत.”

“मी तिकडे बघणार नाहीं. मज बघवणार नाहीं.”

“नको बघूं.”

मुलगी माझ्याकडे पाहत होती, मग आईकडे, मग परत माझ्याकडे. जो बोलेल त्याच्या तोंडाकडे. आणि बोलणं संपल्यावर तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवून ठेवले. ते मी पाहिलं होतं. पाहिलं आणि घाबरली आहे म्हणून सोडून दिलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. तिला चादरीत गुंडाळलं. मी डोकं धरलं, नर्सने खांदे धरले, बायकोने पाय धरून भिंतीवरच्या कॅलेंडराकडे तोंड फिरवलं. धुणं लांबलं. डॉक्टरीणबाई चिमट्याने पुडीचे कण काढत होत्या आणि तोंडाने सारखं गाणं म्हटल्यासारखं काहीतरी बोलत होत्या. सुई टोचली तेव्हा मुलगी एकदाच माझ्या डोळ्यांत पाहून थांबली, म्हणजे रडायची थांबली, आणि मग पुन्हा सुरू झाली. ती नजर काय होती हे मी तेव्हा ओळखलं नाही. बापाला बिलगायला हवं आहे, एवढंच मला वाटलं. तरी डोक्यावरची पकड मी सोडली नाही.

टाके तीनच पडले. वर पट्टी बसली. बाहेर येताना मी तिला तमिळमध्ये सांगितलं की संध्याकाळी आइसक्रीम. बायको मागून मराठीत म्हणाली, “सर्दी आहे तिज. आज नको. संध्याकाळपर्यंत विसरेल.”

संध्याकाळी मुलीने आइसक्रीमचं नाव काढलं नाही. बायको म्हणाली, बघा, विसरली. मी म्हणालो, समजूतदार आहे, माझ्यावर गेली आहे.

त्यानंतर घरात एक बदल झाला. आम्हाला तो दिसत होता आणि आवडतही होता. एरवी दिवसभर प्रश्न विचारून भंडावणारी मुलगी काही विचारेना. शाळेत कधी जायचं, पट्टी कधी काढणार, मामी ओरडल्या का, काही नाही. त्याऐवजी ती आमच्या आसपास राहू लागली. मी कचेरीतून यायचो, पाटबंधारे खात्यातल्या कटकटी बायकोला सांगायचो, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बाहुलीची वेणी घालत बसलेली असायची. आम्ही दुसऱ्या खोलीत गेलो की तीही बाहुली घेऊन तिकडे. बायकोला वाटलं, लागल्यापासून जास्त माया करायला लागली आहे. मलाही तसंच वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते आमचं चाललं होतं.

मधे एक दिवस पट्टी बदलायला जायचं होतं. सकाळी कॉफी घेताना आम्ही बेत ठरवला. बायको म्हणाली, “दवाखाना म्हटलंत तर येणार नाहीं. शिवगंगा बागेंत जाऊं म्हणा, आणि स्कूटर सरळ तिकडे घाला.” मला बेत पटला. मी कपडे केले आणि तमिळमध्ये मोठ्याने हाक मारली, “चल, बागेत जाऊ, बदकं बघू.”

मुलगी पलंगाखाली होती. अगदी भिंतीला चिकटून, पलंगाच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारून. तिला बाग फार आवडते. एरवी बागेचं नाव काढलं की चपला शोधण्याआधी ती जिन्यावर असते. मी ओणवा होऊन समजूत घातली, आमिष दाखवलं, शेवटी आवाज चढवला. ती तिथूनच माझ्याकडे पाहत राहिली. तिला ओढून काढावं लागलं.

“हिज कसं कळ्ळं?” बायको म्हणाली.

“पोरांना वास येतो,” मी म्हणालो. “मांजरांसारखा.”

इस्पितळात तिने जे केलं त्याला तोड नाही. पहिल्या दिवशी ती रडली होती, या वेळी ती लढली. हनुवटी छातीशी घट्ट दाबून ठेवली, नर्सचा हात चावली, मला लाथ मारली, बाकावरून उतरून दारापर्यंत धावली. मी तमिळमध्ये ‘वलिक्कादु’ म्हटलं की तिचा आवाज आणखी चढायचा. पट्टी बदलायला खरोखरच काही दुखणार नव्हतं. त्या दिवशी मी अगदी खरं बोलत होतो आणि ते खरं माझ्या काही कामाला येत नव्हतं. शेवटी पट्टी कशीबशी अर्धी निघाली, अर्धी तशीच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि आम्हा दोघांना बाजूला घेतलं. म्हणाल्या, जखम चांगली आहे, शुक्रवारी टाके काढू. पण ही अशी झगडली तर मी काढणार नाही. धारदार पातं हातात घेऊन मुलीच्या गळ्याशी कुस्ती खेळायची माझी तयारी नाही. मग मोठ्या इस्पितळात न्या, तिथे भूल देऊन काढतील. उपाशी पोटी न्यावं लागेल, रक्त तपासतील, दिवस जाईल. आणि तीन टाक्यांसाठी इतक्या लहान मुलीला भूल द्यावी असं मला स्वतःला वाटत नाही. तिला विश्वासात घ्या, त्या म्हणाल्या. ती तुमचं ऐकत नाही का?

मला राग आला. माझी मुलगी माझं ऐकत नाही, हे मला परक्या बाईने सांगावं हे आवडलं नाही. पण प्रश्न बरोबर होता. शुक्रवारपर्यंत ती आमचं ऐकायला लागते की नाही एवढ्यावरच सगळं होतं. नाहीतर भूल. भूल हा शब्दच बायकोला सहन होत नाही.

त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. भांडण मराठीत. तमिळमध्ये भांडलो तर खाली मामींना कळतं.

बायको म्हणाली, “तुम्ही ओरडलांत म्हणून ती बिथरली.”

“बागेची कल्पना कुणाची?”

“माझी. पण ओढून तुम्ही काढलांत.”

“मग काय पलंगासकट न्यायची होती?”

ती बराच वेळ भाजी चिरत राहिली. मग तिने सुरी खाली ठेवली. “खरं सांगून पाहूंया कां तिज? टाके आहेत, काढायला हवेत, इतकं इतकं दुखेल. अस्कं, सगळं सांगूंया.”

“वेड लागलंय तुज,” मी म्हणालो. “खरं सांगितल्यावर कुठलं पोर दवाखान्यांत गेलंय? झांकली मूठ सव्वा लाखाची. शुक्रवारीं मी बघतों. दोघं मिळून धरूं, एका मिनिटाचं काम आहे.”

“आणि नाहीं जमलं तर?”

“तर भूल. मरत नाहीं कोणी भुलेनं.”

हे शेवटचं वाक्य मी बायकोला गप्प करण्यासाठी बोललो. तिने सुरी पुन्हा उचलली. मुलगी उंबऱ्यावर बसली होती. बाहुलीची वेणी अर्धी घालून झाली होती आणि तिचे हात थांबले होते. मी तिला तमिळमध्ये म्हणालो, काय ग, भूक लागली? तिने मान हलवली. नाही.

शुक्रवारी बायकोने अर्ध्या दिवसाची रजा काढली. या वेळी कुठे जायचं हे आम्ही कोणीच बोललो नाही, ना मराठीत ना तमिळमध्ये. फक्त चपला घातल्या. पलंगाखाली जाईल म्हणून मी खोलीचं दार आधीच ओढून घेतलं होतं. पण मुलगी स्वतःच जिना उतरली आणि स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ती शांत नव्हती, ती तयारीत होती. वाटेवर राजवाड्याच्या कमानीपाशी रहदारी अडली, तेव्हा तिने माझ्या सदऱ्याची मागची बाजू मुठीत धरली ती इस्पितळ येईपर्यंत सोडली नाही.

आत गेल्यावर तिने बाकावर चढवू दिलं. आडवी झाली. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले, ट्रेमध्ये चिमटा आणि पातं ठेवलं. त्या आवाजासरशी मुलीने दोन्ही तळवे हनुवटीवर ठेवले, एकावर एक. बोटं पांढरी पडली. नर्स चादर घेऊन पुढे आली. मी डोक्याच्या बाजूला जाऊन वाकलो, माझा हात तिच्या हातांवर ठेवला, म्हणजे वेळ येताच ते ओढता यावेत. आणि सवयीने म्हणालो, “ओण्णुम आगादु, कण्णा. वलिक्कादु.”

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. बोटांच्या आडून म्हणाली,

“अप्पा, मराठींत सांग.”

मी ऐकलं, पण ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तिच्या तोंडून मराठी वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. उच्चार स्वच्छ होता. सूर तर थेट माझ्या आईचा, शेवटचा शब्द जरा लांबवणारा. नर्सने विचारलं, काय म्हणते आहे? बायकोने तोंडावर हात घेतला होता.

पाठीमागे नेलेले हात, न मागितलेलं आइसक्रीम, पलंगाचा पाय, उंबऱ्यावरची बाहुली, सगळं एकदमच माझ्या अंगावर आलं. सुई टोचण्याआधी तिला सुई माहीत होती. पहिल्या दिवसापासून ती दोन्हीकडचं ऐकत होती आणि आपला हिशेब तिने लावला होता. तमिळमध्ये आईबाप जे सांगतात ते आपल्याला सांगण्यासाठी असतं. जे खरोखर होणार असतं ते ते मराठीत बोलतात.

मला लाज वाटली. फार वेळ नाही, कारण ती उत्तराची वाट पाहत होती. मी मराठीत ‘दुखणार नाही’ म्हणायला तोंड उघडलं, आणि मला ते म्हणता येईना. मराठीत तिच्याशी खोटं मी कधी बोललोच नव्हतो, मला त्याची सवयच नव्हती. म्हणून मी मान वर केली आणि डॉक्टरीणबाईंना तमिळमध्ये विचारलं, नक्की काय होईल, अगदी नीट सांगा. त्यांना माझ्या आवाजाचं नवल वाटलं असावं. त्या म्हणाल्या, कापताना काही नाही. दोरा ओढताना चिमटा काढल्यासारखं. तीनदा. शेवटचा टाका जरा चिकटला आहे, तो जास्त लागेल.

मी पुन्हा वाकलो. मुलीशी मराठीत बोलायला मला शब्द जुळवावे लागले. परक्या माणसाशी बोलताना लागतात तसे.

“दुखेल,” मी म्हणालो. “चिमटा काढल्यासारखं. तीन वेळां. पहिले दोन थोडे. तिसरा जास्त.”

तिने ते ऐकून घेतलं. “सुई?”

“सुई नाहीं.”

“भूल?”

तो शब्द तिच्या तोंडी ऐकून बायकोच्या घशातून आवाज आला. “नाहीं ग,” ती मराठीत म्हणाली. “तूं हलली नाहींस तर नाहीं. हललीस तर द्यावी लागेल. तें आम्हां कोणाला नको आहे.”

मुलगी आईकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. आम्ही दोघं एकच गोष्ट सांगतो आहोत का, हे ती तपासत होती. मग तिने हात हनुवटीवरून काढले आणि पाठीमागे न नेता दोन्ही बाजूंना बाकावर ठेवले. नर्सने चादर पुढे केली तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच तिला खुणेने थांबवलं.

मी तिचे हात धरले नाहीत. धरायची फार इच्छा होत होती. बायकोने या वेळी कॅलेंडराकडे तोंड फिरवलं नाही. पहिला टाका निघाला, मुलीच्या पायाची बोटं आखडली. दुसरा निघाला. तिसऱ्याच्या आधी मी मराठीत म्हणालो, “हा जास्त.” तिने डोळे मिटले. चिमटा लागला तसं पाणी तिच्या डोळ्यांतून निघून कानांकडे गेलं, पण हनुवटी जिथल्या तिथे राहिली.

डॉक्टरीणबाईंनी पातं ट्रेमध्ये टाकलं आणि आनंदाने तमिळमध्ये म्हणाल्या, बघ, काही दुखलं नाही की नाही? मुलगी उठून बसली, पालथ्या हाताने कान पुसले, आणि बाकावरून उतरवण्यासाठी माझ्याकडे हात केले. मी तिला उचललं. दाराशी पोचल्यावर ती माझ्या कानाशी मराठीत म्हणाली,

“तूं सांगितलंस तित्कंच दुखलं.”